मागची सीट ओरिजिनल नाही

२ मार्च
आजपासून रोजनिशी. यापूर्वीही सुरू केली होती, पण तेव्हा लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडणार आहे. सासऱ्यांची मोटारसायकल माझ्याकडे येणार.

येणार म्हणजे आल्यातच जमा. सासरे गेल्याला वर्ष झालं. तेव्हापासून गाडी सासूबाईंच्या बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी आहे. काल जेवताना आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणतो) जाहीर केलं की येता-जाता ते कव्हर दिसतं आणि पोटात तुटतं. गाडी चालती तरी करा, नाहीतर कुणाला तरी देऊन टाका. मग जरा वेळाने म्हणाल्या, वीस एप्रिल आमच्या लग्नाची तारीख. हे दरवर्षी मला गाडीवरून तलावापर्यंत न्यायचे. यंदा जो कोणी मला नेऊन परत आणेल, गाडी त्याची.

उमेदवार दोन. मी आणि मेव्हणा. मेव्हण्याकडे बॅटरीवरची स्कूटर आहे. जो माणूस गाडी मोबाइलसारखी चार्जिंगला लावतो, त्याची मला काय भीती?

घरी आल्यावर हिने विचारलं की तुम्हाला किक मारता येते का. मी हसलो. मग ही म्हणाली की अट फक्त तुम्हा दोघांसाठीच आहे का. मला प्रश्न नीट कळला नाही, म्हणून सोडून दिला.

५ मार्च, रविवार
कव्हर काढून पाहणी केली. काय गाडी आहे. नुसती बघितली तरी छाती दोन इंच फुगते. स्टँडवरून उतरवताना ती माझ्या अंगावर रेलली. वॉचमनने धरली. जड गाडी म्हणजे जड असणारच, त्यात माझी चूक नाही.

मी बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवसभर रिजेक्टचा शिक्का मारतो. वाकडं झाकण मला लांबून दिसतं. त्या नजरेने गाडी तपासली तर काळजात चर्र झालं. सासरे स्वभावाने देवमाणूस, पण गाडीची पार वाट लावलेली. मागे रुंदच्या रुंद जादा सीट. धरायला दांडा, तोही जुन्या लोखंडी पलंगाचा पाइप वाकवून केलेला. डाव्या बाजूला पाय ठेवायला घरगुती पट्टी. पिशवी अडकवायला हूक. आणि डावा आरसा इतका आत वळवलेला की त्यात रस्ता दिसतच नाही, मागे बसलेल्याचं तोंड दिसतं. असा आरसा आमच्याकडे लाइनवरूनच बाहेर फेकतील.

निश्चय: गाडी ओरिजिनल करायची. कंपनीतून निघाली तशी, अगदी स्क्रूसकट.

८ मार्च
फोनवर एका ग्रुपमध्ये प्रवेश मिळाला. ग्रुपचं नाव ‘अस्सल’. जुन्या जड मोटारसायकलवाल्यांचा आहे. अॅडमिन भलताच कडक. त्याच्या मते गाडी कंपनीबाहेर पडल्यानंतर तिच्यावर जे जे चढलं ते सगळं पाप. एकाने गाडीला नवीन हॉर्न लावल्याचं कबूल केलं, त्याला सकाळीच काढून टाकला.

अॅडमिनने मला आमच्या मॉडेलची जुनी जाहिरात पाठवली. टाकी गडद हिरवी. चालवणाऱ्यापुरती एकच सीट, खाली स्प्रिंगा. वर एक रुबाबदार माणूस, केस मागे उडालेले. मला तो चेहऱ्याने थोडा माझ्यासारखा वाटला. हिला नाही वाटला.

जाहिरात आईंना नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितली आणि विचारलं, हा एकटाच कुठं निघालाय? मी म्हटलं, आई, ती जाहिरात आहे, तो कुठंच निघालेला नाही. त्यांनी मान हलवली. विषय त्यांना पटला असं दिसतं.

१२ मार्च
गाडी टेम्पोत घालून मेकॅनिककडे नेली. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाला. काहीही सांगा, त्याचं उत्तर एकच: होऊन जाईल. ओरिजिनल हवी म्हटलं, होऊन जाईल. सगळे जादा पार्ट काढायचे म्हटलं, होऊन जाईल. असा सकारात्मक माणूस क्वचित भेटतो.

परत निघालो तर मेव्हणा येताना दिसला. बगलेत मोठं खोकं. त्याच्याही डोक्यात त्याच गाडीबद्दल प्लॅन आहे म्हणे. काळी कुळकुळीत करायची, चमक अजिबात नको. पुढे रुंद हँडल, जाड टायर, आखूड सायलेन्सर, आणि बटण दाबून सुरू होणारा स्टार्टर. गाडी कशी अंगावर आली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मी सांगितलं की माझ्या अंगावर ती आधीच आलेली आहे. त्याने हे सगळं मेकॅनिकला सांगितलं.

मेकॅनिक म्हणाला, होऊन जाईल.

१५ मार्च
सकाळी ऑफिसला जाताना गॅरेजमध्ये डोकावलो. गाडीला मेव्हण्याचं रुंद हँडल लावलेलं. आखाड्यात उतरलेल्या बैलासारखी दिसत होती. काढायला लावलं, जुनं लावून घेतलं.

१६ मार्च
रुंद हँडल पुन्हा लावलेलं. मेव्हणा संध्याकाळी येऊन गेला म्हणे. पुन्हा काढायला लावलं.

१७ मार्च
पुन्हा लावलेलं. मेकॅनिक कंटाळलेला नाही. उलट आता हात बसलाय म्हणतो, डोळे मिटून बदलून देईन.

मेव्हण्याला फोन करून सांगितलं की वडिलांच्या गाडीचा असा बट्ट्याबोळ करणं शोभत नाही. तो म्हणाला, दाजी, बाबांच्या गाडीवर बाबांनी लावलेला एकेक पार्ट तुम्ही काढताय, बट्ट्याबोळ मी करतोय होय? मी फोन ठेवला. मुद्दा नसला की माणूस आवाज चढवतो. म्हणजे मी चढवला, पण मुद्दा त्याचा नव्हता.

२० मार्च
आज पहिल्यांदा किक मारली. किक काय असते हे बघ्यांना कळत नाही. आधी पायाने हळूच दाबत जायचं, मग एका जागी अडते, तिथून मनोभावे खाली. मी मनोभावे मारली. ती त्याहून मनोभावे उलटी आली. नडगीवर.

ऑफिसात लंगडत गेलो. साहेबांनी विचारलं. म्हटलं, जिम. साहेबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

पेट्रोल भेसळीचं असावं.

संध्याकाळी ही नडगीला तेल चोळून देत होती. बोलता बोलता म्हणाली की कॉलेजात असताना ती ही गाडी चालवायची, बाबांनी शिकवली होती. असेल. गल्लीतल्या गल्लीत असेल. गाडी तेव्हा नवीही होती. मी तिला किकमागचं शास्त्र समजावून सांगितलं. ती तेल चोळत राहिली.

२४ मार्च
मेकॅनिकने हात टेकले. म्हणजे होऊन जाईल म्हणालाच, पण त्याआधी सुस्कारा टाकला. म्हणाला, तुम्ही दोघं आधी आपापसात ठरवा, नाहीतर बोल्टाचे आटे जातील.

गॅरेजबाहेरच्या बाकावर बसून मी आणि मेव्हण्याने तह केला. टाकी हिरवी, माझी. मडगार्ड काळे, त्याचे. हँडल रुंद. सायलेन्सर ओरिजिनल. बटणाचा स्टार्टर नाही, कारण बसवायला जागाच नाही. नव्वद टक्के ओरिजिनल तर झालीच. ऐंशी म्हणा.

मग विषय निघाला मागच्या सीटचा. जाहिरातीत एकच सीट आहे, त्यामुळे ती जाणारच, असं मी ठणकावलं. तो म्हणाला, माझ्या डिझाइनमध्येही एकच आहे, मागे ते बाकडं फारच भिकार दिसतं. दांडा? काढायचा. पट्टी? काढायची. आरसा? दोघंही एकदमच म्हणालो, काढायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, मेव्हण्याशी माझं पहिल्यांदाच एकमत झालं. मला भरून आलं. त्यालाही आलं असावं, कारण चहा त्याने पाजला.

घरी येऊन हिला आनंदाने सांगितलं. हिने विचारलं, दोघांनी मिळून ठरवलंत? म्हटलं, एकमताने. आईला विचारलंत? म्हटलं, आईंना टेक्निकलमधलं काय विचारायचं. ही काहीतरी बोलणार होती, पण कुकरची शिट्टी झाली.

२६ मार्च
सीट, दांडा, पट्टी, हूक, आरसा, सगळं उतरवलं. गाडी कशी मोकळी मोकळी वाटते. मेकॅनिकने विचारलं, याचं काय करू. म्हटलं, भंगार. ही सोबत आली होती. म्हणाली, राहू दे, मी घरी नेते. गॅलरीत कुंड्या ठेवायला असेल. बायकांना काही टाकवत नाही.

पलंगाचा पाइप तिने पदराने पुसला. बहुधा ग्रीस लागलं होतं.

२ एप्रिल
टाकी रंगवून आली. हिरवा रंग जाहिरातीत होता तसा नाही, थोडा शाळेच्या बाकासारखा आहे. मेकॅनिक म्हणतो, उन्हात जुना होऊन जाईल.

फोटो ग्रुपवर टाकला. अॅडमिनने हँडलवर बोट ठेवलं. मी लिहिलं की ते तात्पुरतं आहे, कौटुंबिक कारण. त्याने वॉर्निंग दिली.

६ एप्रिल
घरी किकची प्रॅक्टिस सुरू. स्टुलाला उशी बांधली आणि तिच्यावर पाय मारतो. दणका बरोबर बसतो. मनातल्या मनात टाकीपुढचा करंटचा मीटर बघायचा, अडली की थांबायचं, श्वास, मग दणका. संध्याकाळी खालच्या मजल्यावरची बाई वर आली. तिला वाटलं घरात मारहाण चालली आहे. ही म्हणाली, चालली आहे, पण स्टुलाला.

स्टुलाचा एक पाय गेला. प्रगती आहे.

१३ एप्रिल
आज चालवली. सुरू मेकॅनिकने करून दिली, पण बसलो मी. या गाडीत गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, जुनी पद्धत. मेंदू जरा उलटा करून घ्यावा लागतो. पहिल्या वळणावर ब्रेक समजून गिअर टाकला. गाडी जोरात निघाली. मी मात्र अजिबात घाबरलो नाही, फक्त ओरडलो. पेट्रोल पंपाच्या कडेच्या झुडपात नेऊन थांबवली. थांबवण्याची हीही एक पद्धत असणारच.

आवाज मात्र... तो दुडदुड आवाज बिल्डिंगपर्यंत गेला. आई गॅलरीत आल्या होत्या, असं हिने फोनवर सांगितलं. कठड्याला धरून उभ्या राहिल्या, आवाज बंद झाल्यावरही बराच वेळ आत गेल्या नाहीत. मलाही ऐकून गलबलून आलं. म्हणजे मी योग्य मार्गावर आहे.

१९ एप्रिल, संध्याकाळ
सगळी तयारी झाली. गाडी आईंच्या पार्किंगमध्ये आणून लावली, मेव्हण्यासोबत ढकलत. नाणेफेक झाली. आधी मी आईंना नेणार, माझ्या हातून गाडी बंद पडली तर मेव्हणा. बंद पडणार नाही. उद्या गाडी हातात घेताना दोन शब्द बोलायला हवेत, तेही लिहून ठेवले. सुरुवात अशी: ‘ओरिजिनल जपणं म्हणजे आठवण जपणं.’ हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, उद्या बोलायच्या आधी आईकडे एकदा बघा.

बघणारच आहे. माझी बोलण्याची ढबच तशी आहे, समोरच्याच्या डोळ्यात बघून.

२० एप्रिल, रात्री जेवणानंतर
क्रमाने लिहितो. नाहीतर माझं मलाच खरं वाटायचं नाही.

सकाळी सगळे खाली जमलो. मी, मेव्हणा, ही. मेकॅनिकही आला होता, आपलं काम बघायला. गाडी झकास दिसत होती. आई जिन्याने उतरल्या. नवी साडी. केस नीट बांधलेले. हातात पर्स आणि पाण्याची बाटली, तलावावर जाताना दोघं न्यायचे तीच. वर्षभरात त्यांना अशा तयार झालेल्या मी बघितलं नव्हतं.

त्या गाडीजवळ आल्या. हिरवी टाकी बघितली. हँडल बघितलं. मग डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, जुन्या सवयीने. हात पुढे केला धरायला. तिथं दांडा नव्हता. पाय उचलला, पट्टी नव्हती. मडगार्डकडे बघितलं. मग आमच्याकडे. आणि अगदी साधेपणाने विचारलं, मी कुठं बसायचं?

मी मेव्हण्याकडे बघितलं. मेव्हण्याने माझ्याकडे. प्रश्न टेक्निकली बरोबर होता.

इतक्या दिवसांत हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. झाकणाचा पाव मिलिमीटर वाकडेपणा दिसणाऱ्या माणसाला सासूबाई दिसल्या नाहीत. मी म्हटलं की आई, ओरिजिनलला मागची सीट नसतेच. बोलता बोलताच जीभ चावली.

त्या म्हणाल्या, माहीत आहे मला. दुकानातून घेतली तेव्हा नव्हतीच. मी नवी साडी नेसून दुकानाच्या पायरीवर उभी. हे गाडीवर बसले, मागे वळून बघितलं आणि उतरले. म्हणाले, एकटा कसा जाऊ. मग नवीकोरी गाडी घरापर्यंत ढकलत आणली, मी शेजारून चालत. लोक हसत होते. दुसऱ्या दिवशी पलंगाचा पाइप कापला. तो पलंग अजून एका बाजूला विटांवर आहे.

बाटली त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. म्हणाल्या, राहू दे, पुढच्या वर्षी जाऊ. आणि जिन्याकडे वळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाषणाचा कागद खिशात होता, तो बाहेरून दाबून धरला.

तेवढ्यात हिने आईंना थांबवलं. आमच्या कारची डिकी उघडली. त्यात सीट, दांडा, पट्टी, हूक, आरसा. सगळं पुसून, बोल्ट वेगळ्या डबीत. म्हणजे कुंड्यांसाठी नव्हतंच ते. मेकॅनिककडे बघून ती म्हणाली, होईल का. तो म्हणाला, होऊन जाईल. आणि झालं. काढताना हात बसला होता म्हणाला, लावताना काय वेळ लागतो.

मग माझी पाळी. किक मारली. पुन्हा मारली. पुन्हा. शर्ट घामाने चिकटला. मेव्हण्यानेही मारून बघितली, त्याची नडगी गेली. दोघंही पेट्रोलबद्दल बोलू लागलो. हिने पर्स आईंकडे दिली, चप्पल काढून मेकॅनिकचे बूट मागून घातले, मीटरवर नजर ठेवून किक हळूच दाबत नेली, अडली तिथं थांबली आणि उभी राहून खाली आली. दुसऱ्या किकला दुडदुड सुरू.

आई मागे बसल्या, दोन्ही पाय एका बाजूला, हात दांड्यावर. निघायच्या आधी हिने डावा आरसा आत वळवला. मला वाटलं चुकून. सांगणारही होतो.

मी आणि मेव्हणा त्याच्या स्कूटरवरून मागे. टूलबॉक्स माझ्या मांडीवर. कुणीतरी टूल्स घेऊन मागे राहावंच लागतं. दीड-दोन किलोमीटर गेलो आणि स्कूटर गप्प. मेव्हणा सकाळच्या गडबडीत चार्जिंगला लावायला विसरला होता. ढकलू लागलो. भर उन्हात. लोक हसत होते.

तलावावरून दोघी परत येताना दिसल्या. ही थांबली. आईंनी आमच्याकडे बघितलं आणि हसायलाच लागल्या. पर्स तोंडावर धरून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वर्षभरानंतर. म्हणाल्या, सावकाश या जावईबापू, आम्हीही असंच आलो होतो. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. छान वाटलं.

आईंना घरी सोडून ही मला न्यायला आली. मेव्हणा टेम्पोची वाट बघत थांबला. ही म्हणाली, बसा मागे. बसलो. सीट रुंद आहे, आरामशीर आहे. दांडा नेमका हातात येतो. समोर डावा आरसा. त्यात रस्ता दिसत नाही. पुढे बसलेलीचा चेहरा दिसतो. तिला माझा दिसत असणार, कारण ती हसत होती. आईंच्या बिल्डिंगपर्यंत मी रस्त्याकडे बघितलंच नाही.

आरशावरचा रिजेक्ट शेरा मागे.

२१ एप्रिल
अट आईंनी शब्दशः पाळली. जिने नेऊन आणलं तिची गाडी. म्हणजे गाडी आमच्याच घरी आली. मी सुरुवातीपासून हेच म्हणत होतो.

आता निश्चय: किक रोज, सकाळी, गाडीवरच. नवीन स्टूल आणायला ही तयार नाही.

आईंनी काल गॅलरीतून काढलेला फोटो पाठवला. पुढे ही, मागे मी, दांडा धरून. ग्रुपवर टाकला. अॅडमिनचं लगेच उत्तर आलं: गाडी चांगली आहे. मागचं तेवढं काढून टाका.

त्याला सीट म्हणायचं असावं.